पायांनी येणारं पाव्हणं

शनिवारी चाकणच्या बाजारातून कांद्याच्या रिकाम्या गाड्या परतल्या त्या बातमी भरून. पहिलं बाळंतपण म्हणून तळवड्याला माहेरी गेलेल्या शकूच्या पोटातलं पोर उलटं बसलंय. डोकं वर, पाय खाली. शकूच्या आईनं, कुशाबाईनं, बाजाराच्या दिवशी पुण्याहून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना लेक दाखवली होती, आणि दवाखान्याच्या रांगेत नेमक्या तिच्या सासरगावच्या, कुरुळीच्या दोन बाया उभ्या होत्या. तेवढं पुरे होतं.

शकूचा सासरा बाळाजी कुरुळीला ओट्यावर बसून बियाण्याचे कांदे निवडत होता. बातमी ऐकली तसा हातातला कांदा खाली ठेवून तो उभा राहिला.

"पायाळू," तो म्हणाला, आणि देवळात शिरताना होतो तसा त्याचा आवाज हळू झाला.

पायांकडून जन्मलेल्या माणसाला भुईच्या पोटातलं पाणी दिसतं, हे या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि बाळाजीनं माळावर दोन विहिरी खणल्या होत्या. पहिलीत पारवे राहायला आले होते. दुसरीत तेही आले नव्हते. दोन्ही वेळा परगावचा पाणाड्या आणला, त्यानं हातातल्या नारळाला डोलवून जागा दाखवली, आणि दोन्ही वेळा खाली काळा कातळ. आता घरचाच पाणाड्या येत होता, आणि येतानाच पाय पुढं करून.

त्याची बायको सुभद्राबाई म्हणाली, पोर चालणार कधी, माळावर जाणार कधी, पाणी दाखवणार कधी. बाळाजीनं पाच वर्षं धरली होती. "कातळ कुठं पळून जातोय," तो म्हणाला. सुभद्राबाई हसली खरी. पण दिवस मावळायच्या आत तीही लोहाराकडं जाऊन आली. पायाळूवर वीज पडते म्हणतात. पायात लोखंडाचा वाळा असला की विजेची नजर चुकते. पोर अजून पोटात, पायाचं माप कुणाला ठाऊक नाही, म्हणून तिनं मोठे, मधले, लहान असे तीन वाळे करायला टाकले.

बातमीचं शेपूट मागाहून आलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, पोट फाडून काढायचं.

बाळाजी खाली बसला. सुनेच्या जिवाची काळजी त्याला नव्हती असं नाही. पण त्याच्या मनात एक असा सवाल उभा राहिला की त्यानं बाकीचं सगळं झाकून टाकलं. पोट फाडून काढलेलं पोर पायाळू धरायचं का? मारुतीच्या पारावर याचा खल झाला. पंचक्रोशीत दाखला नव्हता. शेवटी दौलतराव पाटलांनी निवाडा दिला की पोर दारातनं आलं तर पाव्हणा, मग ते पायांनी येवो नाहीतर डोक्यानं. पण भिंत फोडून आत शिरणाऱ्याला कुणी पाव्हणा म्हणत नाही.

त्या निवाड्यानं बाळाजीची झोप उडाली. पहाटेच त्यानं पिंपरीला जाणाऱ्या दूधवाल्याबरोबर मुलाला निरोप धाडला. ज्योतीराम पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागून वर्ष झालं होतं. आठवडाभर तिथंच खोली करून राही. निरोप असा होता: आज सुट्टी हाय, सायकल काढ, पुण्याला जाऊन डॉक्टरीणबाईला एवढंच इचार, आन् तसाच तळवड्याला ये. आमी तिथं हाओत.

*

पोरीच्या बाळंतपणात सासरची माणसं न बोलावता आली की माहेरच्या बाईला दोन कामं एकदम करावी लागतात, मनातला राग गिळायचा आणि चुलीवर चहा ठेवायचा. कुशाबाईनं चहा ठेवला.

तिचा नवरा कोंडीराम व्याह्यांना रामराम घालून गोठ्यात निघून गेला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, घरात शब्दाला शब्द लागला की हा माणूस बैलांकडं जातो. बैल त्यामुळं फार तुकतुकीत होते.

बाळाजीनं सुपारी कातरता कातरता विषय काढला. आपल्या घराण्यात कुणाचं पोट फाडलेलं नाही. गवराबाईसारखी सुईण तुमच्या गल्लीत, जिच्या हातावर आख्खं तळवडं जन्मलं. मग पुण्याची वाट कशाला? सुभद्राबाईनं जोड दिली की फाडलेली बाई पुढं जड उचलत नाही, पाण्याची घागर घेत नाही, सून म्हणजे काय भिंतीवर टांगायची तसबीर आहे?

कुशाबाई ऐकत होती. मग तिनं काल डॉक्टरीण सुमनताईंनी जे सांगितलं ते बोटांवर मोजून सांगितलं. पोर मोठं आहे. शकूची वाट अरुंद, त्यातून पहिली खेप. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाई असती आणि पोर नुसतं बसकं, ढुंगणाकडून येणारं असतं, तर बाई म्हणाल्या, मी स्वतः हातानं घेतलं असतं, अशी कितीतरी घेतलीत. पण हे पाय खाली सोडून बसलंय. पाय निसटून येतात, अंगही येतं. मोठं असतं ते डोकं, आणि ते शेवटी असतं.

"मोठं ते शेवटी," कुशाबाई म्हणाली. "विहीणबाई, आपुन बी सुपातलं निवडताना खडा आधी काढतो."

सुभद्राबाईनं चहा गोड झालाय म्हणून सांगितलं.

आतल्या खोलीत, दाराच्या फळीआड, शकू वाकळेवर कुशीवर पडून होती. सासूसासऱ्यांच्या देखत बोलायचं नाही, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, वडीलधाऱ्यांच्या मसलतीत पोटुशीनं मधे पडायचं नाही. एवढी सगळी कुलपं लावून तिच्याच पोटाची मसलत चालली होती. पोर मात्र कुणाचं ऐकत नव्हतं. सासरा बोलला की खाली लाथ, आई बोलली की खाली लाथ. उजवं-डावं काही नाही; निवाडा करायला बसलेल्या न्यायाधीशानं दर जबानीला टाच आपटावी तसं. शकूला हसू आलं, आणि हसता हसता तिला एकदम कळलं की आपल्याला फार भीती वाटतेय. कालपासून तिला कुणी एकानंही विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा सगळं आईलाच सांगितलं. आईनं दळताना एक ओवी म्हटली होती, तीही तिनं जात्यालाच सांगितली:

पाय पुढं टाकीत । कोण येतंया पाव्हणं
माऊलीच्या उंबऱ्याशी । त्याचं उलटं गाऱ्हाणं

*

ज्योतीराम पुण्याच्या दवाखान्यात घामानं निथळत उभा राहिला तेव्हा सुमनताई हात धूत होत्या. साबणाचा फेस कोपरापर्यंत. त्यानं नाव, गाव, कारखाना सांगितला, आणि मग बापाचा सवाल जिभेवर घोळवत राहिला. कारखान्यात तो रोज पांढरा सदरा घालून बाटल्यांची खोकी मोजून लावायचा. डॉक्टरीणबाईंपुढं त्याला गावठी दिसायचं नव्हतं. पण बाप बाप असतो.

"बाई, पोट फाडून काढलं तर पोर… म्हंजे आधी कुठला भाग भाहेर येतो?"

सुमनताईंनी वळून पाहिलं. हे विचारणारा नवरा त्यांना आजवर भेटला नव्हता. त्यांना वाटलं, माणूस चौकस आहे. त्यांनी नीट समजावून सांगितलं की पोर पायावर बसलेलं असलं की पोट उघडल्यावर हाताला पायच लागतात; आधी पाय धरायचे, मग कंबर, मग खांदे, शेवटी डोकं. फरक एवढाच की आपली वाट आपण हवी तेवढी रुंद करून घेतलेली असते, डोकं अडत नाही.

ज्योतीरामला बाकीचं ऐकू आलं की नाही कोण जाणे. तो वळलासुद्धा. तेव्हा सुमनताईंनी त्याला ओल्या हातानं थांबवलं आणि दोन गोष्टी पाठ करायला लावल्या. उद्या दुपारच्या आत आणायचं, कळा लागायची वाट बघायची नाही. पाण्याची पिशवी फुटून नाळ आधी खाली आली तर पोर वाटेतच जाईल. आणि फाडणं म्हणजे खेळ नाही. रक्त जातं, टाके पडतात, पुढची बाळंतपणंही दवाखान्यातच करावी लागतात. पूर्वी पू होऊन बाया जायच्या. आता तुम्ही खोक्यांत भरता ते औषध आहे, म्हणून मी एवढ्या धिरानं सांगते.

तो कोस दर कोस सायकल मारीत आला, आणि तळवड्याच्या अंगणात पाय टेकायच्या आधीच त्यानं बापाला सांगितलं: फाडलं तरी पायच आधी.

बाळाजीनं डोळे मिटले. दौलतराव पाटलांचा निवाडा त्यानं मनातल्या मनात रद्द केला. मग तो जावयाच्या घरचा नव्हे तर मोठ्या दवाखान्याचा माणूस असल्यासारखा बोलू लागला. सुईण कितीही झाली तरी अडाणी. आता काळ बदलला. पिंपरीत औषधाचे कारखाने निघालेत आणि आपण अजून अंगारे लावतोय. उद्या कशाला, आजच न्या. सुभद्राबाईनंही पदर सावरला आणि म्हणाली, घागर काय, घागर कुणीही आणील. मी अजून धडधाकट आहे.

एवढं सगळं कुशाबाईच्या मनासारखं झालं, आणि नेमकी इथंच ती बिथरली.

ज्या माणसांनी घटकाभरापूर्वी पोट फाडण्याला घराण्याचा डाग म्हटलं ती आता एवढ्या हौसेनं कशी फाडायला निघाली? यात काहीतरी पाणी मुरतंय. बाईच्या जातीसाठी एवढं मन कुणी फुकट बदलत नाही. पोर हातात घेतील, आणि फाडलेली सून, दोनाच्या वर पोरं न होणारी सून, वजन न उचलणारी सून म्हणून वर्षाच्या आत दुसरी आणतील. तिच्या मावसबहिणीच्या उरावर अशीच सवत आली होती, तीही फक्त खोकल्यावरून.

"न्हाई न्यायची," कुशाबाई म्हणाली. "गवराबाई हाय की. आख्खं तळवडं तिच्या हातावर झालंय."

"विहीणबाई, तुमीच म्हनला न्हवं, खडा आधी काढावा," सुभद्राबाई म्हणाली.

"म्या सुपाचं म्हनलं. पोरगी काय सूप हाय?"

मग जे झालं ते ज्योतीरामला पुढं कित्येक वर्षं सांगता आलं नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटे हा कुठंतरी चुकतोय. दोन्ही बाजू जागच्या जागी बसून राहिल्या होत्या आणि बोलणं तेवढं अंगण ओलांडून पलीकडं गेलं होतं. त्याची सासू सुईणीचे गोडवे गात होती, त्याची आई औषधांची नावं घेत होती, तीही चुकीची. दोघी त्याच्याकडं वळून म्हणत, सांगा की जावईबापू, सांग की रं जोत्या. आणि ज्योतीराम जिचं शेवटी ऐकलं तिला मान हलवत होता. शेवटी कुणीतरी म्हणालं, गवराबाईलाच बोलवा. या एका गोष्टीवर दोन्ही घरांचं एकमत झालं.

*

गवराबाई आली, हातपाय धुऊन आली, जसं कुठल्याही बाळंतिणीच्या घरी यायची तशी. साठीची बाई, पण हात अजून विशीचे. दोन्ही बाजूंनी तिला मान देऊन बसवलं. कुशाबाईला खात्री होती, ही घरीच करू म्हणणार. आपलं कसब कुणी नाकारतं का. सुभद्राबाईलाही तीच खात्री होती, म्हणून ती आधीच तोंड वाकडं करून बसली होती.

गवराबाई कुणाशी बोलली नाही. ती सरळ आत गेली, शकूच्या पोटावरचा पदर सारला, आणि डोळे मिटून हात फिरवला. वर, बरगडीखाली, गोल टणक गोळा हाताला लागला. तो तिनं दोन बोटांत हलवला. पाण्यातल्या नारळासारखा तो हलला आणि परत जागेवर आला.

शकूनं तिचं मनगट धरलं. "मावशे, तुझी लेक असती तर काय केलं असतंस?"

बाहेर सगळे कान देऊन होते. गावाला माहीत होतं ते एवढंच की गवराबाईची लेक रंभा बाळंतपणात तापानं गेली, वीस वर्षं झाली त्याला.

"ताप न्हवता गं," ती म्हणाली. "माझ्याच हातात व्हती ती. पोराचं पाय आलं, अंग आलं. डोकं आलं न्हाई. म्या वडू बी शकंना आन् सोडू बी शकंना. दोघं गेली." मग तिनं शकूचा पदर नीट केला, जसा निजलेल्या पोराचा करतात. "त्या येळंला पुणं इतकंच लांब व्हतं, शके. पन मला माझ्या हाताचा लई गर्व व्हता."

अंगणात कुशाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. वीस वर्षं ती या बाईच्या शेजारी पाणी भरत होती.

शकू उठून बसली. उठायला तिला वेळ लागला. मग ती भिंतीला धरून उभी राहिली आणि दाराच्या फळीआडून बाहेर आली. डोईवरून पदर होता, पण मान वर होती. सासूसासऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायचं नसतं. म्हणून तिनं ओट्याच्या खांबाकडं पाहत विचारलं. पण आवाज साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असा.

"पोटावर टाक्यांची रेघ घिऊन आले, तर नांदवनार का, ते आत्ताच सांगा म्हनावं. मला मराया न्हाई जायचं, आन् जगून आल्यावर परत माघारी बी न्हाई यायचं."

आता मान हलवून भागण्यासारखं नव्हतं. ज्योतीरामनं आईकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच कुणाचंच ऐकायचं ठेवलं नाही. त्यानं हनुवटीवर बोट ठेवलं, जिथं दाढी उगवत नसे.

"मला बैलानं शिंग मारलं तवा सहा टाकं पडलं. लगीन मागाहून झालं," तो खांबाला म्हणाला. "तिनं नांदून घेतलंच की मला. कुनी हिला इचारलं व्हतं का, टाक्याचा नवरा चालंल का म्हनून?"

बाळाजी खाकरला. सुभद्राबाईनं मान फिरवली. कुशाबाईनं ते पाहिलं, आणि तिला दिसलं की विहीणबाई डोळे पुसतेय. तिनं उठून तिला पाण्याचा तांब्या दिला. दिवसभरात तेवढं एकच देणंघेणं भांडणाशिवाय झालं.

"गाडी जुंपा," शकू म्हणाली.

सगळे गोठ्याकडं वळले. कोंडीराम बैल जुंपून, साटीत पेंढा अंथरून, त्यावर दोन वाकळा टाकून, कासरा हातात घेऊन केव्हाचा बसला होता. कधीपासून, ते त्यालाच ठाऊक. त्यानं एवढंच म्हटलं, "चिंचवडापतुर सावकाश नेतो. पुढं मोटार बगा."

*

सोमवारी दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सुमनताई बाहेर आल्या. मुलगी झाली होती, साडेसात पौंडांची. शकू शुद्धीवर येत होती, रक्त बेताचं गेलं होतं. इतकं सांगून त्या आत वळल्या, तर बाळाजी हात जोडून वाटेत उभा. त्याचा सवाल त्यांना एव्हाना उमगला होता. "आधी डावा पाय," त्या म्हणाल्या, "मग उजवा." बाळाजीनं त्यांना वाकून नमस्कार केला, आणि संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात ज्यानं कुणी मुलगा की मुलगी विचारलं त्याला त्यानं पायाळू झाली म्हणून सांगितलं.

सुभद्राबाई मात्र सुनेच्या खाटेशी बसली ती उठली नाही. टाक्यांना बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना बघितलं. शकूच्या अंगावर पांघरूण ओढत ती पुटपुटली की माझ्या वेळंला अशी सोय असती तर जोत्याला एक बहीण असती. शकूनं काही विचारलं नाही. तिनं सासूचा हात धरला आणि तो हात तसाच राहिला.

तेराव्या दिवशी शकू तळवड्याला परतली. पुण्याची ताकीद होती की बाळंतिणीला शेक-शेगडी नाही, टाक्यांना पाणी नाही. पण पोरीला न्हाऊ घालायला हरकत नव्हती. गवराबाई दवाखान्यात आली नव्हती. तिथं माझं काय काम, म्हणाली होती. आज ती निरोप न देताच आली. चूल पेटवून तिनं पाणी तापवलं, कोपर बुडवून पाहिलं, दगडावर बसून पाय लांब केले, आणि कुशाबाईनं पोरीला तिच्या पायांवर पालथी घातली.

तिनं पाठ चोळली, पाय चोळले. ओठांत ओवी होती, नेहमीची, कुठल्याही पोराची. मग उताणी करून डोक्याखाली हात घातला आणि ओवी थांबली.

वाटेनं आलेल्या पोरांची डोकी लांबट असतात, दबलेली. सुईण ती रोज तेल लावून गोल करते. हे डोकं गोलच होतं. कशाला अडलं नव्हतं, कशानं दाबलं नव्हतं. गवराबाईच्या तळव्यात ते पुरतं मावलं, ऊन, जड, टाळूवर ठोका उडणारं. तिनं अंगठा त्या ठोक्यावर ठेवला.

वाफ विरत चालली. सुभद्राबाई कुरुळीहून सकाळीच आली होती, तिच्यानं राहवेना. पाणी निवतंय, पोर गारठेल, आता टाका की डोक्यावरनं, ती म्हणाली. कुशाबाईनंही विहिणीच्या बाजूनं बोलून पाहिलं.

"टाकते," गवराबाई म्हणाली. "जरा हातात राहू द्या."

कुशाबाईनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं आणि हंडा परत वर ठेवला.